भरपाईचं डुक्कर

सायलस तारी सात वर्षं एका डुकराची सेवा करत होता आणि गावाला त्यात काही नवल वाटत नव्हतं. आमच्या बेटावर माणूस एक वेळ बायकोचं जेवण झालं का हे विचारायला विसरेल, पण सुळे धरलेल्या डुकराला विसरणार नाही. अशा डुकराचे वरचे दात लहानपणीच काढून टाकतात. मग खालच्या सुळ्यांना अडवायला कोणी उरत नाही आणि ते वाढत वाढत गालाबाहेरून वळतात, पुन्हा जबड्याकडे येतात. त्याचं पुरतं कडं व्हायला अर्धं तारुण्य खर्ची पडतं. तोवर डुकराला मोकळं सोडायचं नाही, जमीन उकरू द्यायची नाही, कारण सुळा एकदा दगडावर आपटला की केलेलं सगळं पाण्यात. त्याला छपराखाली बांधायचं, अळूचे कांदे उकडून नारळाच्या दुधात कुस्करायचे आणि घास करून हाताने भरवायचे. रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी, पाऊस असो की वादळ.

बाकीचे लोक हे सगळं मानासाठी करतात. असं डुक्कर सभाघरापुढे मारलं की माणसाचं नाव मोठं होतं. सायलसला नाव नको होतं. त्याचं डुक्कर एझ्राच्या भरपाईचं होतं.

एझ्रा त्याच्या मेलेल्या धाकट्या भावाचा मुलगा. लग्नाला आलेला, अंगापिंडाने मजबूत, आईचा एकुलता एक. खोबरं न्यायला बोट आली की सायलस आपल्या होडीतून पोती बोटीपर्यंत पोचवायचा आणि एझ्रा त्याच्यासोबत वल्हं मारायचा. त्या दिवशी दुपारपासून समुद्र चढत होता.

"मोठे काका, आता बस करू या," एझ्रा म्हणाला होता. "खडकांवर लाट फुटायला लागली आहे."

"चारच पोती उरली आहेत," सायलस म्हणाला. "बोट पुन्हा कधी येईल कोणास ठाऊक. घाबरलास की काय रे? तुझा बाप असता तर हसला असता तुला."

ह्या शेवटच्या वाक्यावर एझ्राने होडी पाण्यात ढकलली. खडकांपाशी होडी उलटली. सायलस वर आला, एझ्रा आला नाही. त्याचा देह पुढे दुसऱ्या गावाच्या किनाऱ्याला सापडला.

आमच्यात मुलं आईच्या बाजूची. तेव्हा भरपाई द्यायची ती एल्सीच्या, म्हणजे एझ्राच्या आईच्या, माणसांना. गावचा चीफ गारे मध्ये बसला, सायलसने आपली होती नव्हती ती डुकरं आणली, देण्याघेण्यात पैशासारख्या चालणाऱ्या लाल चटया आणल्या. एल्सीच्या भावाने त्या घेतल्या, समेटाचा म्हणून कावाच्या मुळांचा रस प्यायला आणि म्हणाला, "मिटलं." सगळे आपापल्या घरी गेले. पण एल्सी बाहेर आली नव्हती. तिच्या घराचं दार शेवटपर्यंत लावलेलं होतं आणि सायलस सारा वेळ त्या दाराकडेच बघत होता.

गावाच्या दृष्टीने मिटलं, सायलसच्या दृष्टीने नाही. त्याच्या मनाने घेतलं की आपण दिलेलं कमी पडलं. एका मुलाच्या जिवाला चार गावठी डुकरं म्हणजे थट्टाच. पूर्ण कड्याचं डुक्कर द्यायचं, त्याची दोरी स्वतः एल्सीच्या हातात द्यायची, आणि मगच तिच्याकडे मान वर करून बघायचं, असं त्याने ठरवलं. तोवर तिच्या घरावरून जायची वेळ आली तर तो समुद्राकडच्या वाटेने वळसा घालून जाई.

देवळातही त्याने तेच केलं. दर रविवारी यायचा, दाराजवळच्या बाकावर बसायचा, गाणी म्हणायचा आणि प्रभुभोजनाची भाकर द्यायची वेळ झाली की उठून बाहेर जायचा. फादर मॅथायस ह्यांनी त्याला कितीदा तरी हटकलं असेल. फादर दक्षिणेकडच्या गावातले, वयाने सायलसहून लहान, पण चिवट.

"सायलस, तुमच्या बाकापासून वेदी काही फार लांब नाही," ते म्हणत.

"बायबलातलं वचन तुम्हीच वाचता ना, फादर? भावाच्या मनात तुझ्याबद्दल काही असेल तर आधी त्याच्याशी समेट कर, मग वेदीशी ये. मी तेच करतोय. डुक्कर तयार झालं की येतो."

"देवाला डुक्कर नको आहे. त्याची क्षमा फुकट आहे."

"फुकट!" सायलस खो खो हसला. "फादर, मागच्या आठवड्यात माझ्या बायकोने तुम्हांला पानांत भाजलेली लापलाप पाठवली, तर परवा तुमच्याकडून केळ्यांचा घड आला. तुम्हांला साधी लापलाप फुकट पचत नाही आणि मला सांगता देवाची क्षमा फुकट घे?"

ह्यावर फादरांना उत्तर सुचलं नाही. मलाही सुचलं नसतं. आमच्याकडे जन्माला आल्यापासून माणूस देण्याघेण्यातच वाढतो. ज्याने घेतलं आणि परत दिलं नाही त्याच्याकडे कुत्रंही बघत नाही.

मधल्या काळात सायलस मरता मरता वाचला. खोकल्यातून रक्त पडायला लागलं, त्याला बोटीवर घालून सांतो बेटावरच्या मोठ्या इस्पितळात नेलं आणि वर्षाचा बराचसा भाग तो तिथेच होता. जाताना त्याने बायकोचा हात धरला नाही, भाच्याचा धरला.

"डडली, डुक्कर तुझ्या हवाली. बाकी काही बुडालं तरी चालेल."

"मामा, माझा जीव जाईल पण त्याचा घास चुकणार नाही," डडली म्हणाला.

परत आला तेव्हा सायलस हाडांचा सापळा झाला होता, पण डुक्कर मात्र टुणटुणीत होतं. अंगावर मांस, डोळ्यांत चमक, सुळे चांगले बोटभर पुढे सरकलेले. सायलसच्या डोळ्यांना धार लागली. त्याने डडलीला आपला चांगला कोयता दिला, रेडिओ दिला आणि पुढची दोन वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्यापाशी भाच्याचं कौतुक केलं. डडली ते ऐकताना जमिनीकडे बघत राहायचा. लोकांना वाटायचं, पोरगा विनयशील आहे.

शेवटी कडं पुरं झालं. सुळ्याचं टोक फिरून आपल्याच मुळापाशी आलं, तेव्हा सायलसने चीफ गारेला निरोप धाडला आणि दिवस ठरला.

त्या सकाळी सभाघरापुढचं अंगण भरलं होतं. पोकळ लाकडांचे ढोल वाजत होते. सायलसने डुकराला समुद्राच्या पाण्याने धुतलं होतं, गळ्यात पानांची माळ घातली होती. आता म्हातारपणाकडे झुकलेला तो माणूस दोरी धरून अंगणाला फेरा घालू लागला तेव्हा बायकासुद्धा गप्प झाल्या. आज ती माझ्याकडे बघेल, एवढंच त्याच्या मनात होतं. तिने दोरी घेतली की रविवारी मी दाराजवळून उठेन आणि पुढे जाईन.

एल्सी समोरच्या बाजूला आपल्या माणसांत बसली होती. साधी, ठेंगणी बाई, केस पांढरे झालेले. सायलस तिच्यापासून अजून लांब होता, तेवढ्यात ती उठली आणि म्हणाली, "भावजी, एवढ्या उन्हात त्याला फिरवू नका."

तिचा आवाज ऐकला मात्र, डुकराने कान टवकारले. पुढच्याच क्षणी त्याने असा हिसका दिला की दोरी सायलसच्या हातातून निसटली. लोक ओरडले, आयांनी मुलांना उचललं. पण डुक्कर कोणाच्या अंगावर गेलं नाही. ते शेपटी हलवत तडक एल्सीकडे गेलं, तिच्या पायांशी बूड टेकून बसलं आणि त्याने तोंड उघडलं.

ढोल थांबले. ते तोंड उघडून बसलेलं डुक्कर आणि त्याच्यासमोर खाली मान घालून उभी असलेली एल्सी, ह्यांच्याकडे सगळं गाव बघत राहिलं.

चीफ गारे हा चालीरीतींच्या बाबतीत महाकाटेकोर माणूस. तो काठी टेकत पुढे आला.

"एल्सी, हे डुक्कर तुला कसं ओळखतं?"

बायकांच्या घोळक्यात कुजबुज झाली. बायकांना हे आधीपासून ठाऊक होतं, हे उघड होतं. आमच्या गावात बायकांना सगळं ठाऊक असतं आणि पुरुषांना ते ढोल वाजायचे थांबल्यावर कळतं.

"डडली!" सायलस ओरडला.

डडली पुढे आला. "मामा, मी सांगणारच होतो…"

"काय सांगणार होतास?"

"तुम्ही गेलात आणि पुढच्याच महिन्यात मला ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडला फळं तोडायचं काम लागलं. न जाऊन कसं चालेल? मामी तर तुमच्यामागून सांतोला गेली होती, म्हणून माझ्या बायकोला सांगून गेलो होतो. तिला डुकराची भीती वाटली. मग… मग एल्सीमामी…"

"किती दिवस?"

"तुम्ही येईपर्यंत, मामा. मी तुमच्या आधी आठवडाभर आलो. तिनेच सांगितलं, की बोलू नकोस, म्हणून."

कोणीतरी फिसकन हसलं. चीफ गारेने काठी आपटली.

"मग आजचं हे देणं होत नाही," तो म्हणाला. "ज्याच्या हातचं खाऊन सुळा वाढला त्याचा सुळ्यात वाटा. एल्सीचीच वस्तू एल्सीला कशी देशील, सायलस? दोरी उचल. आजचा दिवस फुकट गेला."

सायलसचं तोंड काळंठिक्कर पडलं. तो एल्सीसमोर जाऊन उभा राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने तिच्याकडे सरळ बघितलं आणि बघितलं ते रागाने.

"तुला कोणी सांगितलं होतं? मेलं असतं तर मी दुसरं पाळलं असतं. तुझ्या पोराची भरपाई होती ती! तुझ्यासाठी होती! तूच तिच्यात हात घातलास. आता मी काय देऊ तुला? सांग, काय उरलंय माझ्याकडे?"

"दुसरं पाळायला तुम्ही जगला नसता, भावजी," एल्सी म्हणाली.

सायलसने दोरी उचलली नाही. तो गर्दीतून वाट काढत निघून गेला. त्याच्यामागे डुक्कर अजून तोंड उघडून बसलं होतं, कारण त्याची जेवायची वेळ झाली होती.

किनाऱ्यावर जुनी होडी पालथी पडलेली होती. एझ्रा गेल्यापासून सायलसने ती पाण्यात घातली नव्हती, मोडलीही नव्हती. तो तिला टेकून बसला. शरम, राग, दुःख ह्यांतलं नेमकं काय वाटतंय हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. सात वर्षं तो रोज सकाळी एकाच कामासाठी उठला होता. उद्या कशासाठी उठायचं?

दुपार कलली तसे फादर मॅथायस आले आणि झगा आवरून वाळूत बसले.

"हसायला आलात?" सायलसने विचारलं.

"नाही. तुम्ही मला एक वचन नेहमी ऐकवता, त्याबद्दल बोलायला आलो. समेट कर असं त्यात आहे. फेड कर असं नाही."

"एकच आहे ते."

"एकच असतं तर आज सकाळी झालं असतं."

सायलस म्हणाला, "जाऊ कसा तिच्याकडे? रिकाम्या हातांनी?"

"मग कोणत्या हातांनी जाणार? दुसरे आहेत का?"

फादर एवढं बोलून उठले. त्यांनाही कधीमधी सुचायचं.

सायलस गावाकडे निघाला. वाटेत त्याची केळीची बाग लागली. आमच्यात कोणाच्या घरी कोणी हात हलवत जात नाही. गरिबातला गरीबसुद्धा एखादा नारळ तरी घेऊन जातो. सायलसचे पाय आपसूक थांबले, त्याने पिकत आलेला एक घड कापला, खांद्यावर टाकला आणि पुढे चालू लागला. एल्सीचं घर दिसू लागलं तसा तो घड त्याला जड वाटायला लागला. एझ्राच्या जिवाला केळ्यांचा घड. ह्याच्यापेक्षा डुक्कर तरी बरं होतं. त्याने घड वाटेच्या कडेला दगडावर उतरवला, कोयताही त्याच्याजवळ ठेवला आणि तो पुढे गेला. भर रस्त्यात कोणीतरी अंगावरचं वस्त्र काढून घ्यावं तसं त्याला झालं होतं.

एल्सी स्वयंपाकाच्या खोपटात होती. तापलेल्या दगडांखालून पानांत बांधलेली लापलाप काढत होती. भाजलेल्या कोनफळाचा आणि नारळाच्या दुधाचा वास बाहेरपर्यंत आला होता. खोपटाच्या मागे डुक्कर बांधलेलं दिसलं. तिने त्याला सकाळीच घरी आणलं होतं.

"या, भावजी," ती म्हणाली, जणू तो रोज येत होता. "त्याला जेवण घातलंय. तुम्ही जेवलात का?"

सायलस दारातच उभा राहिला. "मी काही आणलेलं नाही."

"दिसतंय मला."

"एल्सी, तू का भरवलंस त्याला?"

ती पानांच्या गाठी सोडत राहिली. मग म्हणाली, "भरवायला गेले नव्हते मी. खोटं कशाला बोलू? पहिली दोन वर्षं तुम्ही मरावं असं मला रोज वाटायचं. देवळात तुमच्याकडे पाठ करून बसायचे आणि तेच मागायचे. मग तुम्ही रक्त ओकत बोटीवर चढलात, तेव्हा वाटलं, ऐकलं देवाने. डडली गेला आणि डुक्कर भुकेने ओरडायला लागलं. माझ्या मळ्यापर्यंत आवाज यायचा. मी बघायला गेले. ते मरताना बघायला गेले, भावजी. माझ्या मुलाचा मोबदला म्हणून तुम्ही जे पाळलंत ते तुमच्यासारखंच झिजून मरू दे, असं मनात होतं."

"मग?"

"मग काय! मला बघून त्याने तोंड उघडलं. त्याला काय माहीत मी कोण, कशाला आले. माझ्या हातात माझं दुपारचं जेवण होतं. घातलं त्याच्या तोंडात."

"आणि मला माफ केलंस?"

"त्या दिवशी नाही. कधी, ते मलाच ठाऊक नाही. राग धरून ठेवायला मी खूप जपलं, तुम्ही सुळे जपलेत तसं. एके सकाळी अळू कुस्करताना बघितलं तर राग नव्हताच. मी कुठून आणणार होते हो ती माफी? माझ्याकडे नव्हती. मला कोणी तरी आणून दिली." तिने हाताच्या पालथ्या बाजूने डोळे पुसले. "तेव्हाच येऊन सांगणार होते. पण तुम्ही मला बघितलं की समुद्राकडे वळायचात. म्हटलं, ह्या माणसाला डुक्कर दिल्याशिवाय शांती मिळणार नाही, तर निदान डुक्कर जगवू या."

सायलस उंबऱ्यात खाली बसला.

"म्हणजे मी तुला काय दिलं?" त्याने विचारलं.

"काही नाही."

"ते पोती न्यायचं… मी त्याला त्याच्या बापावरून बोललो होतो, एल्सी. तो नको म्हणत होता. मी बोललो म्हणून तो आला. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही."

एल्सीचे हात थांबले. चुलीतला एक दगड तडकला. तिने डोळे मिटले. सायलसला वाटलं, आता ही मला हाकलून देईल, आणि दिलं तर बरंच होईल.

तिने लापलापीचा मोठा तुकडा तोडला, पानावर ठेवला आणि उठून त्याच्यासमोर आली.

"हात पुढे करा," ती म्हणाली.

"परत मी तुला कधी…"

"परत काही द्यायचं नाही. केळी नाही, चटई नाही, काही नाही. उद्या जर माझ्या दारात काही आणून ठेवलंत तर मी ते समुद्रात फेकेन. हात पुढे करा, भावजी."

सायलसने हात पुढे केले. पान गरम होतं. त्याने पहिला घास घेतला आणि तो रडायला लागला. एल्सी त्याच्याशेजारी उंबऱ्यात बसली आणि तीही रडली. आतलं दुसरं पान निवत होतं, त्याची तिला आठवण राहिली नाही.

त्या डुकराचं पुढे काहीच झालं नाही. ते म्हातारं होऊन मेलं. एवढे सुंदर सुळे वाया गेले म्हणून चीफ गारे मरेपर्यंत हळहळत होता. तोवर सायलस आणि एल्सी, दोघांतलं जे मोकळं असेल ते डुकराला भरवायचं.

त्या संध्याकाळनंतरच्या पहिल्याच रविवारी भाकर द्यायची वेळ झाली आणि सायलस सवयीने उठला. दाराजवळ बसलेल्यांनी त्याला वाट करून देण्यासाठी पाय आखडते घेतले. पण तो बाहेर वळला नाही. मधल्या वाटेने, अनवाणी, कोणाकडे न बघता तो पुढे चालत गेला आणि वेदीच्या कठड्यापाशी एल्सीशेजारी गुडघे टेकून बसला. सकाळीच अळू कुस्करलेल्या त्याच्या हातांना अजून नारळाच्या दुधाचा वास येत होता. ते त्याने मांडीवर उपडे ठेवले. त्यांत देण्यासारखं काही नव्हतं.

आमच्याकडे जुनी माणसं अजून भाकर जिभेवरच घेतात. फादर मॅथायस एकेकाला देत जवळ येत होते. सायलसला आपलं डुक्कर आठवलं. घास देणारा हात कोणाचा, तो का देतो, आपण त्याला काय केलं आहे, ह्यातलं काहीही त्या जनावराने कधी विचारलं नव्हतं.

फादर त्याच्यासमोर थांबले. सायलसने डोळे मिटले आणि तोंड उघडलं.